सायकल बांधायची कशी: नव्या सायकलस्वारासाठी

काही वर्षांपूर्वी मी भर दिवसा, वाहत्या रस्त्याच्या कडेला, ग्राइंडर लावून एका सायकलचं कुलूप कापलं. सायकल माझीच होती. किल्ली हरवली होती, दुसरी कुठे ठेवली ते काही केल्या आठवत नव्हतं आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं. ओळखीच्या वेल्डरकडून बॅटरीवर चालणारा ग्राइंडर आणला, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि सुरुवात केली. ठिणग्यांचा नुसता फवारा. आवाज असा की समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत आले. शेजारून माणसं येत-जात होती, पण ‘ही सायकल कुणाची?’ असं एकानंही विचारलं नाही. उलट एक काका थांबले, सायकल हलतेय हे बघून त्यांनी सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली आणि कडी तुटल्यावर ‘झालं एकदाचं’ म्हणत चालते झाले.

सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. कुलूप चांगलं जाडजूड होतं.

त्या दिवशी माझ्या दोन समजुती गळून पडल्या: भारी कुलूप तुटत नाही, आणि गर्दीच्या ठिकाणी चोरी होत नाही. मग कुलूप लावायचंच कशाला? लावायचं, कारण ग्राइंडर घेऊन हिंडणारे चोर थोडे आणि संधी साधणारे पुष्कळ. ओळीनं उभ्या दहा सायकलींतून चोर जी निवडेल ती आपली नसावी, एवढीच आपली माफक अपेक्षा. जरा स्वार्थी आहे, पण आहे हे असं आहे. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका अपेक्षेसाठी: चोराच्या नजरेनं आपल्या सायकलकडे बघायला शिकायचं आणि तिथून उलट हिशेब मांडायचा.

आधी सायकल उलटी करा

सायकल घरी आली की पहिलं काम फुकटातलं आहे. ती सीट आणि हँडलवर उलटी उभी करा आणि दोन्ही पेडलांचे दांडे जिथे एकत्र येतात त्या आडव्या नळकांड्याच्या, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या, तळाशी बघा. बहुतेक सायकलींचा फ्रेम नंबर तिथे ठोकलेला असतो. चिखल आणि ग्रीस साचलं असेल तर फडक्यानं पुसा. तिथे नाही मिळाला तर हँडलखालच्या उभ्या नळीवर, सीटच्या नळीवर किंवा मागचं चाक ज्या खाचेत बसतं तिच्या आसपास शोधा. आपल्याला धातूत कोरलेला नंबर हवा. स्टिकरवरचा आकडा बऱ्याचदा मॉडेलचा असतो आणि स्टिकर तर नखानंही निघतं. आकडे फोटोत नीट येत नसतील तर वरून खडू घासा, उठून दिसतात.

मग फोटो काढा. एक चेनच्या बाजूनं अख्ख्या सायकलचा, एक नंबरचा, आणि दोन-तीन तिच्या खुणांचे: रंग उडालेला कोपरा, बदललेलं पेडल, मडगार्डवरचा ओरखडा. एखाद्या फोटोत तुम्हीही सायकल धरून उभे असा. पावतीचाही फोटो काढा आणि हे सगळं स्वतःलाच ईमेल करून टाका, म्हणजे फोन गेला तरी ते जाणार नाही. पोलिसांसमोर ‘काळी होती, गिअरची होती’ एवढंच सांगता आलं तर सायकल मिळणं कठीण. मिळाली तरी ती तुमचीच हे सिद्ध कसं करणार?

काही देशांत ही नोंद सरकारी पातळीवर होते. जपानमध्ये सायकलची नोंदणी कायद्यानं सक्तीची आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून दुकानातून विकली जाणारी नवी सायकल ओळख क्रमांक कोरूनच द्यावी लागते. तुम्ही राहता तिथे अशी सोय असेल तर तिचा फायदा घ्या, नसेल तर तुमचे फोटो हीच तुमची नोंद.

आणखी एक जुनी युक्ती. कागदाच्या चिठ्ठीवर नाव आणि फोन नंबर लिहा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, सीटची दांडी उपसून त्या नळीत टाका आणि दांडी परत बसवा. चोर रंग बदलेल, स्टिकरं काढेल, पण नळीच्या आत सहसा डोकावणार नाही.

चोराच्या हातात काय असतं

कुलूप कशासाठी घ्यायचं ते कळायला समोरच्याची हत्यारं माहीत हवीत.

सगळ्यात सोपा चोर रिकाम्या हातानं येतो. ‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणून भिंतीला टेकवलेली सायकल त्याची. कुलूप नुसतं चाकातून घातलेलं आणि सायकल कशालाच बांधलेली नाही, हीसुद्धा त्याचीच. तो ती उचलून टेंपोत टाकतो आणि कुलूप घरी जाऊन सावकाश तोडतो.

दुसऱ्याच्या खिशात पक्कड किंवा तारा कापायचा छोटा कटर असतो. तिसऱ्याकडे बोल्ट कटर, लांब दांड्यांची ती अवजड कात्री. दांडे जितके लांब तितका जोर जास्त, पण लपवायला तितकीच अवघड. काही जण लोखंडी पहार किंवा गाडीचा छोटा जॅक वापरतात: कडीच्या आतल्या रिकाम्या जागेत तो घुसवायचा आणि कडी फाकवायची. शेवटी तो बॅटरीवरचा ग्राइंडर. त्याच्यापुढे साधं पोलाद, कडक केलेलं पोलाद, सगळं कापलं जातं. फरक पडतो तो सेकंदांचा आणि किती पाती झिजतात याचा.

अलीकडे ग्राइंडरला विरोध करणारी कुलपंही निघाली आहेत. त्यांच्या कडीवरचं खास आवरण पातीच झिजवून टाकतं, त्यामुळे कापायला कित्येक पटींनी वेळ लागतो. ती जड आहेत, महाग आहेत. नवशिक्याला साधी सायकल रोज दोन तास बाहेर ठेवायची असेल तर त्यांची गरज नाही. महागडी इलेक्ट्रिक सायकल रोज दिवसभर एकाच जागी उभी राहणार असेल तर मात्र विचार करा.

कुलूप निवडताना

केबल लॉक दिसायला छान. रंगीत प्लास्टिकचं वेटोळं, हलकं, खांबाभोवती सहज फिरणारं. त्या प्लास्टिकच्या आत पिळलेल्या बारीक तारा असतात आणि त्या एकेक करून किंवा सगळ्या एकदम कापल्या जातात. बोटाएवढी जाड दिसणारी केबलही आतून बरीचशी प्लास्टिकच असते. बहुतेक नव्या सायकलस्वारांची पहिली खरेदी हीच, माझीही होती. केबल फेकून देऊ नका, तिचं दुय्यम काम पुढे येईल, पण एकट्या केबलच्या भरवशावर सायकल सोडून चित्रपटाला जाऊ नका.

यू-लॉक म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी कडी आणि तिची तोंडं बंद करणारा आडवा दांडा. मला विचाराल तर एकच कुलूप घ्यायचं असेल तर हेच. घेताना दोन गोष्टी बघा. कडीची जाडी १३ मिलिमीटरच्या खाली नको. १६ मिलिमीटरची कडक पोलादी कडी हातातल्या बोल्ट कटरला दाद देत नाही. दुसरं, कडीची दोन्ही टोकं आडव्या दांड्यात अडकतात का? स्वस्त कुलपांत एकच टोक खिट्टीनं धरलेलं असतं आणि दुसरं नुसतं वाकवून आत सरकवलेलं. अशी कडी एका जागी कापली की पिळून बाहेर निघते. दोन्ही टोकं पक्की असतील तर ती दोन जागी कापावी लागते, म्हणजे चोराचा वेळ सरळ दुप्पट.

आकाराच्या बाबतीत लोक हमखास चुकतात. मोठी कडी सोयीची वाटते, कशालाही अडकवता येते. पण आत जितकी मोकळी जागा तितकी जॅकला सोय. तुमच्या सायकलच्या फ्रेमची नळी, चाक आणि एक खांब एवढं जेमतेम मावेल तीच लांबी घ्या. दुकानात सायकल घेऊनच जा आणि लावून बघा.

साखळी यू-लॉकपेक्षा लवचिक. जाड खांबाला, झाडाच्या जाळीला, दोन सायकलींना एकत्र बांधायला बरी. पण चांगली साखळी म्हणजे वजन. १४ मिलिमीटर जाड कड्यांची मीटरभर साखळी चार-पाच किलो भरते. रोज पाठीवर वाहायची तयारी नसेल तर ती कामाच्या ठिकाणी खांबालाच कायमची लटकवून ठेवा. १० मिलिमीटरहून बारीक साखळी मोठ्या बोल्ट कटरपुढे टिकणार नाही, असंच धरून चाला. कड्या चौकोनी किंवा षट्कोनी असल्या तर कटरच्या जबड्यात त्या नीट बसत नाहीत, म्हणून जाणकार तशा बघतात. आणि साखळीचं टोक जोडणारं कुलूप साखळीइतकंच दणकट हवं. पैलवान साखळी आणि तिला सुटकेसचं टिचभर कुलूप, अशी जोडी मी स्वतः पाहिली आहे.

घडीचं कुलूप, म्हणजे पट्ट्या रिव्हेटनं जोडून फूटपट्टीसारखी दुमडणारं, नेण्याआणायला फार सुटसुटीत. त्याचा कच्चा दुवा पट्ट्या नसून त्यांना जोडणारी रिव्हेट असते.

मागच्या चाकावर कायमचं बसवलेलं गोल कुलूप, ज्याची दांडी आऱ्यांमधून सरकते, तेही उपयोगी आहे. खिडकीतून समोर सायकल दिसतेय, आत जाऊन एक वस्तू आणायची आहे, एवढ्यापुरतं. नेदरलँड्समध्ये सायकलींना ते सर्रास असतं आणि त्याच्या जोडीला लोक साखळी वापरतात. एकटं ते सायकल चालवत नेऊ देत नाही, पण उचलून नेऊ देतं.

आकड्यांच्या कुलपाची सोय ही की किल्ली हरवत नाही. तीन आकड्यांच्या कुलपात हजारच जुळण्या असतात. चार असतील तर दहा हजार. पण कुणी एवढ्या जुळण्या करत बसत नाही. स्वस्त कुलपात दांडा ताणून धरला आणि चकत्या फिरवल्या की बरोबर आकड्यावर चकती किंचित अडखळते, आणि सवयीच्या बोटांना ते कळतं. शिवाय बंद करताना शेवटची चकती फक्त एक घर फिरवण्याची आपल्या सगळ्यांना खोड असते. आकड्यांचं घेतलंत तर निदान चारही चकत्या विस्कटा.

पाकिटावरच्या ‘सिक्युरिटी लेव्हल ९’ वगैरेला फारसा अर्थ नसतो, ती मोजपट्टी प्रत्येक कंपनीची आपापली. बाहेरच्या संस्थेनं तोडून बघितलेलं कुलूप असेल तर ते बघा. ब्रिटनमधली सोल्ड सिक्युअर ही संस्था १९९२ पासून हे काम करते आणि कांस्य, रौप्य, सुवर्ण, हिरा अशा श्रेणी देते. नेदरलँड्सची एआरटी तारे देते.

तरी आंधळा विश्वास कशावरच नको. २००४ साली अमेरिकेत एक व्हिडिओ पसरला: गोल नळीसारखी किल्ली लागणारं नामांकित यू-लॉक साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीनं उघडताना त्यात दिसत होतं. क्रिप्टोनाइट कंपनीला ती कुलपं ग्राहकांना बदलून द्यावी लागली. आजही कुठे तशी गोल किल्लीची जुनी कुलपं मिळतात. घेऊ नका. सपाट किल्ली, बाजूला खाचा कोरलेली, बरी.

खर्च किती करायचा? सायकलच्या किमतीचा दहावा हिस्सा कुलपावर, असा एक ठोकताळा सांगतात. भारी सायकलीला तो ठीक आहे. स्वस्त सायकलीला मात्र त्या हिशेबानं केबलच येते, आणि सायकल स्वस्त असली तरी उद्या कामावर तिच्यावरूनच जायचं असतं ना?

कशाला बांधायची

कुलूप दणकट आणि खांब पोकळ, तर चोर कुलपाला हातही लावत नाही.

खांब दिसला की तो दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. वर उचलून बघा. पाट्यांचे खांब पुष्कळदा जमिनीतल्या नळीत नुसते बसवलेले असतात आणि तळाशी एका बोल्टनं धरलेले असतात. तो बोल्ट चोरानं आधीच सैल करून ठेवलेला असू शकतो. कुलपासकट सायकल वर सरकवून काढून घेता येईल इतका बुटका खांब चालणार नाही. वर पाटी आहे का, आडवा दांडा आहे का, ते बघा. कोवळं झाड नको: चोर ते करवतीनं कापतो आणि सायकलबरोबर झाडही जातं. तारेच्या जाळीचं कुंपण म्हणजे पक्कडवाल्याला आमंत्रणच. लाकडी रेलिंगचा तर प्रश्नच नाही. लोखंडी कठड्याला बांधताना कठडा कापायला सोपा की कुलूप, याचा विचार करा, आणि जिन्याचा किंवा रॅम्पचा कठडा असेल तर तो धरून चालणाऱ्यांची वाट अडवू नका.

सायकल स्टँडमध्येही फरक असतो. जमिनीत पक्का रोवलेला उलट्या यूच्या आकाराचा जाड पाइप सगळ्यांत चांगला. ब्रिटनमधल्या शेफील्ड शहराच्या नावावरून त्याला शेफील्ड स्टँड म्हणतात. सायकल त्याला कडेनं टेकते आणि फ्रेम दोन जागी बांधता येते. याउलट फक्त पुढचं चाक खाचेत घालायचे ते बुटके स्टँड. तिथे कुलूप पुढच्या चाकालाच पोचतं, आणि सायकल आडवी ढकलली गेली तर रिम वाकते ते वेगळंच. दुसरं काही नसेल तर सायकल उलट्या बाजूनं, मागचं चाक आत घालून लावून बघा.

जागेचं म्हणाल तर गर्दीवर विसंबू नका, हे वर सांगितलंच. पण उजेड हवा, आणि समोर कुणीतरी बसलेलं असेल, पहारेकरी, दुकानदार, तिकीट तपासनीस, तर फारच छान. जाणारी-येणारी माणसं कुणाची नसतात. बसलेल्या माणसाला मात्र सायकल आणि तिचा मालक दोन्ही ओळखीचे होतात. रोज एकाच जागी, एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं बांधायची सवय मोडा. शेजारी तुमच्यापेक्षा महाग सायकल असेल आणि तिला केबल असेल तर… जाऊ द्या, ते लिहीत नाही.

प्रत्यक्ष बांधताना

आता मुख्य काम. पहिल्या काही वेळा घाई न करता, अगदी पाढे म्हणावेत तसं करा. आठवड्याभरात हात आपोआप चालायला लागतात.

सायकल खांबाला लांबीनं चिकटवून उभी करा. यू-लॉक उघडा. कडी मागच्या चाकातून, फ्रेमच्या नळीभोवती आणि खांबाभोवती अशी घ्या. फ्रेमची नळी म्हणजे सीटपासून पेडलकडे उतरणारी उभी नळी सगळ्यांत सोयीची, कारण मागचं चाक तिला लागूनच असतं. आडवा दांडा बसवा, किल्ली फिरवा, मग कडी हातात धरून ओढा. ही ओढ महत्त्वाची. पुष्कळदा एक टोक नीट बसलेलंच नसतं आणि किल्ली मात्र फिरलेली असते.

कडी एवढी लहान असेल की नळी, चाक आणि खांब तिन्ही मावत नाहीत, तर शेल्डन ब्राउन या अमेरिकी मेकॅनिकच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत आहे. सीटची नळी, चाकाकडे उतरणाऱ्या वरच्या दोन बारीक नळ्या आणि खालच्या आडव्या दोन, असा फ्रेमच्या मागच्या बाजूला त्रिकोण होतो. कडी फक्त मागच्या रिममधून आणि खांबाभोवती घालायची, मात्र रिमचा जो भाग या त्रिकोणाच्या आत आहे तिथूनच. फ्रेमला कुलूप लागलेलं दिसत नाही, पण चाकाचे नट सोडले तरी कुलपासकट चाक त्या त्रिकोणातून बाहेर निघत नाही. फ्रेम सोडवायची तर टायर, रिम सगळं कापावं लागेल. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे पटत नाही. घरी एकदा चाकाचे नट सोडून स्वतः ओढून बघा.

पुढचं चाक राहिलं. इथे जुनी केबल कामाला येते: तिचा एक फास पुढच्या चाकातून न्या आणि दुसरं टोक यू-लॉकच्या कडीत अडकवा. दोन कुलपं वापरणार असाल तर दोन वेगळ्या जातींची घ्या, एक यू-लॉक आणि एक साखळी. एकाला बोल्ट कटर लागतो, दुसऱ्याला जॅक. दोन्ही हत्यारं घेऊन हिंडणारा चोर विरळा.

कुलूप जमिनीपासून उंच ठेवा. साखळी जमिनीवर लोळत असली की चोर कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवतो आणि दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकतो. अधांतरी साखळीवर असा जोर लावता येत नाही. किल्लीचं भोक खाली वळवा, पाणी आणि धूळ आत जात नाही आणि उगाच खोडसाळपणे कुणी त्यात काही कोंबत नाही. कडीच्या आत मोकळी जागा कमीत कमी राहील अशी सायकल खांबाला घट्ट आणा.

आणि निघण्याआधी बघून घ्या, कडी शेजारच्या सायकलच्या फ्रेममधून तर गेली नाही ना. हसू नका. मी एकदा असं केलंय, आणि परत आलो तेव्हा त्या सायकलचा मालक पायरीवर बसून माझी वाट बघत होता. तासभर. तो फारच सज्जन निघाला.

मग दोन पावलं मागे व्हा. आता तुम्ही चोर. फक्त हातानं काय निघेल? पाना असेल तर काय निघेल? हे करायला तीन सेकंद लागतात. दिवा, पंप, पाण्याची बाटली, सीटखालची पिशवी: जे हातानं निघतं ते आपण स्वतः काढून बरोबर न्यायचं.

सीट, चाकं आणि बाकीचा ऐवज

क्विक रिलीज ही शर्यतीतल्या सायकलस्वारांची सोय: छोटी दांडी उलटी केली की चाक सुटतं, पाना लागत नाही. तुम्हाला जी सोय तीच चोराला. रोज चाक काढायची गरज नसेल तर त्या जागी ॲलन की, म्हणजे षट्कोनी टोकाचा पाना, लागणारा साधा बोल्ट बसवून घ्या; खास आकाराची किल्ली लागणारे बोल्टही मिळतात. सीट वरखाली करायची दांडी असेल तर तिचंही तेच.

सीटसाठी माझी आवडती युक्ती जवळपास फुकट आहे. सायकलची जुनी चेन घ्या, चेन टूलनं, म्हणजे चेनची पिन काढायच्या-बसवायच्या छोट्या हत्यारानं, वीतभरापेक्षा थोडा लांब तुकडा तोडा. तो जुन्या ट्यूबच्या तुकड्यात घाला, म्हणजे फ्रेमला ओरखडे जाणार नाहीत. एक टोक सीटखालच्या दोन सळयांमधून, दुसरं फ्रेमच्या मागच्या बारीक नळ्यांमधून घ्या आणि चेन टूलनंच पिन दाबून दोन्ही टोकं जोडून टाका. पिन नीट बसली की सांधा ट्यूबच्या आत सरकवा. आता सीट काढायची तर चेन तोडावी लागेल. लांबी ठरवताना सीट कधी वर घ्यायची असेल तेवढी ढील ठेवा.

ॲलन कीच्या षट्कोनी भोकात बरोबर बसणारा छोटा छर्रा ठोकायचा आणि वर मेण ओतायचं, हीसुद्धा चालीत असलेली रीत. रस्त्यात उभं राहून ते मेण उकरत बसायला चोराला वेळ नसतो. तुम्हाला काढायचं असेल तेव्हा मेण उकरा आणि चुंबकानं छर्रा ओढा.

इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी शक्य तेव्हा काढून न्या. तिचं कुलूप सायकलच्या कुलपाइतकं दमदार नसतं, आणि सायकलमधला सगळ्यांत महाग सुटा भाग तोच असतो.

घरी आल्यावर

रस्त्यावर एवढी काळजी घेणारे लोक घरी सायकल जिन्याखाली नुसती टेकवून ठेवतात. चोराच्या दृष्टीनं जिना, तळघर, गॅरेज या तर आरामाच्या जागा: आडोसा, निवांतपणा, आणि अख्खी रात्र हाताशी. तिथेही सायकल बांधाच. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टनं बसवायची लोखंडी कडी मिळते, ती बसवून घ्या आणि बोल्टांची डोकी घासून गोल करा, म्हणजे पाना बसणार नाही. गॅलरीत ठेवत असाल तर पहिल्या मजल्याची गॅलरी सुरक्षित समजू नका.

आणि एक नव्या जमान्यातली गोष्ट. राइड नोंदवणारं ॲप वापरत असाल तर तुमची प्रत्येक फेरी घराच्या दारातून सुरू होते आणि तिथेच संपते, हे नकाशावर सगळ्यांना दिसतं. वर नव्या सायकलचा फोटो. सेटिंग्जमध्ये जाऊन सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लपवा.

किल्ली

कुलपाबरोबर दोन किंवा तीन किल्ल्या येतात आणि बहुधा एक छोटा क्रमांक. तो क्रमांक फोटोंबरोबर जपून ठेवा. किल्ली हरवल्यावर काही कंपन्या त्यावरून नवी करून देतात. सायकलचा विमा काढला असेल तर दावा करताना किल्ल्या आणि कुलपाची पावतीही मागितली जाऊ शकते, आणि कुलूप कुठल्या दर्जाचं, सायकल न हलणाऱ्या वस्तूला बांधली होती का, अशा अटी असतात. त्या आधी वाचा.

कुलपात दोन-तीन महिन्यांनी कोरडं वंगण सोडा. घट्ट तेल सोडलंत तर धूळ चिकटून आत चिखल होतो. साखळी किंवा यू-लॉक चालवताना हँडलला लटकवू नका. वळताना ते पुढच्या चाकात गेलं तर चोराच्या आधी तुम्हीच सायकलीवरून जाल.

दुसरी किल्ली घरी, ठरलेल्या जागी. माझी दुसरी किल्ली कुठे सापडली ते सांगायचं राहिलंच. ग्राइंडरवाल्या दिवसानंतर आठवड्यानं पंक्चर झालं, म्हणून सीटखालची पिशवी उघडली. पॅच, चिकटवायची ट्यूब आणि खाली, घडी केलेल्या कागदात, किल्ली. ते काका त्या दिवशी सीट धरून उभे होते तेव्हा ती त्यांच्या हातापासून चार बोटांवर होती. खरा चोर असता तर त्यानं आधी पिशवीच चाचपली असती.

ट्रॅकर

२०२१ मध्ये ॲपलचा एअरटॅग आला तेव्हापासून सायकलमध्ये छोटा ट्रॅकर लपवायची पद्धत वाढली आहे. सीटच्या आत, रिफ्लेक्टरमागे, बाटलीच्या स्टँडखाली बसवायचे साचे मिळतात. उपयोग होतो, पण मर्यादा ध्यानात घ्या. आसपासच्या लोकांच्या फोनमार्फत त्याचा ठावठिकाणा कळतो, त्यामुळे ओसाड जागी तो गप्प राहतो. आणि कुणाचा चोरून पाठलाग होऊ नये म्हणून अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याची सूचना चोराच्या फोनवरही जाते. ट्रॅकर कुलपाच्या जोडीला असावा. नकाशावर ठिपका दिसला म्हणून एकट्यानं त्या दारात जाऊन उभं राहू नका, ती माहिती पोलिसांना द्या.

गेलीच तर

आधी खात्री करा. आपण वेगळ्या खांबाला बांधली होती का, पालिकेनं किंवा इमारतवाल्यांनी उचलून नेली का, हे विचारा. तुटलेलं कुलूप पडलं असेल तर त्याचा फोटो काढा आणि ते उचलून ठेवा. समोरच्या दुकानाचा किंवा इमारतीचा कॅमेरा त्या जागेकडे बघतो का ते पाहा आणि लगेच विचारा, कारण चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पोलिसांत तक्रार त्याच दिवशी, फ्रेम नंबरासकट. नोंदणी केली असेल तर तिथे ‘चोरीला गेली’ अशी खूण करा. जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या साइटवर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. एकच छायाचित्र, धूसर, घाईत काढलेलं, किंमत अर्धी आणि वर्णन दोन शब्दांचं, अशी जाहिरात दिसली तर पडद्याचा फोटो काढून पोलिसांकडे न्या.

याच कारणानं जुनी सायकल घेताना उलटी करून नंबर बघा. तो घासून काढलेला असेल तर भाव कितीही चांगला असो, घेऊ नका. आणि तुम्ही स्वतः विकणार असाल तर ‘एक फेरी मारून बघतो’ म्हणणाऱ्याला त्याचं ओळखपत्र हातात आल्याशिवाय सायकल देऊ नका. ही चोरी कुलूप न तोडता होते, आणि आपण स्वतः सीटची उंची नीट करून देतो.

सायकल परत मिळाली तर तक्रार आणि नोंदणीवरची ती खूण आठवणीनं काढून घ्या. नाहीतर कुठल्यातरी चौकात तुमच्याच सायकलीवरून तुम्हालाच खाली उतरवतील.